वाळूतील सिएना

दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आमची बटालियन होती, तेव्हा मी हवालदार होतो आणि माझ्याकडे रेडिओचे काम होते. आमची पोस्ट एका टेकडीवर होती. खाली ऑलिव्हची दगडी बांधांवर चढत गेलेली शेते आणि त्यापलीकडे एक कोरडा ओढा. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारे घेऊन मोर्चावर सज्ज राहणे, मग हत्यारांची सफाई, मग पेट्रोल, म्हणजे गस्त, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू, असा रोजचा क्रम होता. इटलीतील सिएना या शहराविषयी लिहायचे ठरवून मी सुरुवात लेबनॉनपासून करतो आहे, याचे कारण एवढेच की ते शहर मी प्रथम तिथे पाहिले. आमच्या कुकहाउसच्या मागे, जमिनीवर.

ते तयार करणारा माणूस म्हणजे मारेशालो लूका. मारेशालो हा इटालियन सैन्यातील हुद्दा आपल्या सुभेदाराच्या जवळपासचा. लूका सुरुंग काढणाऱ्या एका लहान तुकडीचा प्रमुख होता आणि ती तुकडी आमच्याच पोस्टवर राहत असे. जुन्या लढायांत पडलेले आणि न फुटलेले बॉम्बगोळे त्या ओढ्याकाठी अजून विखुरलेले होते. ते एकेक करून शोधायचे आणि निकामी करायचे, हे त्यांचे काम. लूका माझ्याहून थोडा मोठा होता. टक्कल, जाड भुवया, बोलताना दोन्ही हात हवेत. त्याला 'ठ' उच्चारता येत नसे. माझे आडनाव पाठक. तो मला मोठ्या आदराने 'पातक' म्हणे.

"मारेशालो, आमच्या उस्तादांना तुम्ही बरोबर ओळखलंत बघा," असे लान्स नाईक तानाजी खोत त्याला शुद्ध मराठीत सांगत असे. खोत कोल्हापूरकडचा, माझ्या सेक्शनमधला, मला उस्ताद म्हणणारा. त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते, लूकाला मराठी मुळीच येत नव्हते आणि दोघांचे उत्तम जमत असे.

ऑपरेशनपूर्वी त्या भागाची प्रतिकृती मातीत बनवायची, ही फौजेतील जुनी पद्धत. टेकडी, नाला, पूल, वाटा, सगळे मातीत उभे करायचे, रंगीत भुकटी टाकायची आणि जवानांना त्याभोवती बसवून समजावायचे. याला सँड मॉडेल म्हणतात. जवानाने ते मन लावून पाहिले, तर प्रत्यक्ष जमिनीवर त्याला नकाशा लागू नये, अशी अपेक्षा असते. मी एका पेट्रोलसाठी असे मॉडेल करीत असताना लूका शेजारी उभा राहून पाहत होता. काम संपल्यावर त्याने उरलेली माती मागितली.

"कशासाठी?"

"तुला माझे घर दाखवतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने फक्त एक चौक केला. शिंपल्यासारखा पसरट, एका बाजूला उतरता. त्यावर त्याने चुन्याच्या रेघांनी नऊ पाकळ्या आखल्या. उताराच्या तळाशी शहराच्या राज्यकारभाराचा वाडा म्हणून बिस्किटांचा डबा ठेवला आणि त्याच्या कडेला तंबूची खुंटी उभी रोवली. तो मनोरा. गिर्जाघराचा घंटामनोरा टेकडीवर आणि हा खाली. तरी दोघांची टोके एकाच उंचीवर यावीत, म्हणून हा इतका उंच बांधला, असे तिकडे सांगतात. धर्म मोठा की राज्य, हा वाद त्यांनी गवंड्यांकरवी मिटवला.

त्यानंतर पेट्रोल नसेल त्या दिवशी शहर वाढत गेले. गिर्जाघर काळ्या आणि पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचे. त्यासाठी खोतने कोळसा आणि चुना आणून दिला. आतील फरशीवर संगमरवरात कोरलेली चित्रे आहेत, पण वर्षातील बहुतेक काळ ती झाकलेली असतात, असे लूकाने सांगितले. थोडेच आठवडे उघडतात. "ज्यावरून चालायचे ते रोज दिसले, तर माणूस पाहायचे सोडून देतो," असे त्याचे स्पष्टीकरण होते. गिर्जाघराच्या बाजूला त्याने एक नुसतीच भिंत उभी केली. तिला मागे काही नव्हते. सिएनाच्या लोकांनी हे गिर्जाघर जगात सर्वांत मोठे करायचे ठरवले होते. भिंत उभी राहिली आणि प्लेग आला. माणसेच उरली नाहीत. भिंत आजही तशीच उभी आहे.

मी त्याला सांगितले की आमच्या हैदराबादेत चारमिनार आहे आणि प्लेग सरला म्हणून तो बांधला, असे आमच्याकडे सांगतात.

लूका खूप वेळ हसला. "म्हणजे आमचे काम प्लेगने थांबवले आणि तुमचे सुरू केले! चल, दाखव. माती आहे."

मी बसलो आणि मला चारमिनार करता आला. पण त्याच्या कोणत्या बाजूला काय, कोणती गल्ली कुठे फुटते, हे मला सांगता येईना. मी हैदराबादचा. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी. वडील आबिड्सला कचेरीत जात आणि येताना बेगम बाजारातून मसाले आणीत. एवढे माझे शहर. गोलकोंडा किल्ला मी शाळेच्या सहलीत एकदा पाहिला होता. खाली प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर अगदी किल्ल्याच्या माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, दारावर कोण आले ही वर्दी अशीच पोहोचवीत, एवढे मी सांगितले. लूका सरसावून बसला.

"नेमके कुठे उभे राहायचे? घुमटाच्या मधोमध? वर जाताना आवाज कशावरून वळतो?"

मला माहीत नव्हते. मी स्वतः ती टाळी कधी वाजवलीच नव्हती. एक परका माणूस स्वतःच्या शहराचा प्रत्येक दगड मातीत उभा करीत होता आणि मला माझ्या शहरात कुठे उभे राहायचे हे ठाऊक नव्हते.

लूकाने मात्र ती टाळी सोडली नाही. सुरुंगांच्या जवळ रेडिओ आणि मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण त्यांच्या लहरींनी स्फोट होण्याचा धोका असतो. ओढ्यात हाक मारली तर शब्द फुटत. शिटी निरुपयोगी, कारण तिथले मेंढपाळ दिवसभर शिट्या मारीत असत. लूकाने दुसऱ्याच दिवशी ओढ्यात उतरून टाळ्या वाजवून पाहिल्या. बांधांच्या दगडांवरून त्या स्वच्छ वर येत. मग ठरले: एक टाळी म्हणजे थांबा. दोन म्हणजे वाट मोकळी आहे, या. तीन म्हणजे मागे फिरा. त्याने या पद्धतीला 'गोलकोंडा' असे नाव दिले आणि आमच्या मेजर साहेबांनीही ते मान्य केले.

सिएना सतरा पेठांत विभागलेले आहे. प्रत्येक पेठेचे निशाण वेगळे, देऊळ वेगळे, कारंजे वेगळे. मूल जन्मले की गिर्जाघरातील बाप्तिस्म्याखेरीज पेठेच्या कारंज्यावरही त्याच्यावर पाणी शिंपडतात. लूकाच्या पेठेचे निशाण कासव होते.

"आमच्यात बी महादेवाच्या देवळात नंदीम्होरं कासव असतंय," खोत म्हणाला. मी त्याचे भाषांतर केले. लूकाने उठून त्याला मिठी मारली. मग शेजारच्या पेठेशी आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे, असे तो गंभीरपणे सांगू लागला. त्या पेठेचे निशाण गोगलगाय आणि दोन्ही पेठांची घोड्यांच्या शर्यतीत चुरस.

खोत मातीत लोळायचा बाकी राहिला. "उस्ताद, कासवाचं आन्‌ गोगलगाईचं वैर! आन्‌ त्यातनं हे घोड्यांची शर्यत लावत्यात!"

शर्यत खरीच लावतात. वर्षातून दोनदा, त्याच शिंपल्यासारख्या चौकात, कडेने माती अंथरून. दहा पेठांचे दहा घोडे, तीन फेऱ्या, खोगीर नाही. शर्यतीपूर्वी घोड्याला पेठेच्या देवळात नेतात. पाद्री त्याच्या कानाशी म्हणतो, "जा आणि जिंकून ये." घोड्याने देवळातच लीद टाकली तर शकुन फार चांगला. आमचे पेट्रोल निघे तेव्हा लूका गेटवर उभा राहून आम्हाला तेच वाक्य इटालियनमध्ये म्हणत असे. खोत त्याला विचारी, "आनि शकुनाचं काय करू, मारेशालो? हितंच करू?"

एक वळण फार अवघड आहे, असे लूकाने सांगितले. तिथे भिंतीला गाद्या बांधतात, कारण स्वार पडतात. घोडे तसेच पुढे धावतात.

"मग?" खोतने विचारले.

"मग काय? जो घोडा पहिला येईल तो जिंकला. स्वार असो वा नसो. जिंकतो तो घोडा. स्वार भाड्याने आणलेला असतो, घोडा पेठेचा असतो. विजयाच्या मेजवानीत घोड्याला मानाची जागा."

"आनि पडलेल्याचं?"

"त्यालाही उचलतात. पण आधी सगळे घोड्याकडे पाहतात."

ऑलिव्हची तोडणी सुरू झाली होती. एके सकाळी नऊच्या सुमारास खालच्या बांधावरून स्फोटाचा आवाज आला. आम्ही रस्त्यावर पेट्रोलमध्ये होतो. गावातली एक बाई, उम्म सलीम, म्हणजे सलीमची आई, ऑलिव्ह वेचता वेचता निशाणी लावलेल्या दोरीच्या पलीकडे गेली होती. तिचा पाय गेला होता, पण ती ओरडत होती, म्हणजे जिवंत होती. गावकरी दोरीपाशी जमले. त्यांना आत जाऊ न देणे हे पहिले काम होते. मी रेडिओवर पोस्टवरच्या मेजर साहेबांना गाठले.

"चार्ली, धिस इज चार्ली टू. वन सिव्हिलियन कॅज्युअल्टी, माइन एरिया. रिक्वेस्ट हेलिकॉप्टर. ओव्हर."

"चार्ली टू, रॉजर. मारेशालो निघाला आहे. तो सांगेपर्यंत कोणीही आत पाऊल टाकणार नाही. ओव्हर."

"रॉजर, सर. आउट."

लूका आपल्या दोन माणसांसह आला. त्याने एकदा जमिनीकडे आणि एकदा त्या बाईकडे पाहिले. आमच्याकडे पाहिले नाही. मी रेडिओ रस्त्यावर दुसऱ्या जवानाकडे दिला. खोत आणि मी स्ट्रेचर घेऊन बांधाखाली बसलो. लूका गुडघ्यांवर, डिटेक्टर आणि सळई घेऊन, वीतभर वीतभर पुढे सरकत होता आणि मागे दोन्ही बाजूंना पांढरी फीत अंथरीत होता. त्या फितींच्या मधली जागा एका माणसापुरती रुंद. तेवढीच जमीन आमची होती.

तो तिच्यापाशी पोहोचला. त्याने तिच्या मांडीला पट्टा आवळला. मग दोन टाळ्या ऐकू आल्या.

आम्ही आत गेलो. तिला स्ट्रेचरवर घेतले. स्ट्रेचर फिरवायला जागा हवी, म्हणून लूका बांधाच्या दगडांना चिकटून उभा राहिला. खोत पुढे, मी मागे. लूकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते नेहमीचे वाक्य म्हटले. जा आणि जिंकून ये. तो हसत होता, असे मला वाटते.

आम्ही अर्ध्या वाटेवर असताना मागे बांधाचा दगड निसटला. तो आवाज मी ऐकला. लगेच स्फोट झाला.

खोत थांबला. "उस्ताद?"

मी मान वळवली. धूळ होती. लूका फितीच्या बाहेर जमिनीवर पडला होता. नियम स्पष्ट होता: मोकळ्या केलेल्या वाटेत मागे फिरायचे नाही, स्ट्रेचर खाली ठेवायचे नाही, बाहेर पाऊल टाकायचे नाही. त्या स्ट्रेचरवर एक बाई माझ्या मनगटाला धरून होती. माझ्या मागे माझा मित्र होता. मला हलता येईना. आज इतक्या वर्षांनीही मी स्वतःला विचारतो की त्या वेळी मला नियमाने थांबवले होते की भीतीने. याचे उत्तर मला मिळालेले नाही.

मग धुळीतून दोन टाळ्या आल्या.

पहिल्या नीट वाजल्या. पुढच्या दोन हळू होत्या. मग पुन्हा दोन. "चल," मी खोतला म्हणालो. आम्ही चाललो. प्रत्येक वेळी आमचा पाय अडखळला की मागून दोन टाळ्या येत. वाट मोकळी आहे. या. आम्ही दोरीबाहेर पडलो, बाईला गावकऱ्यांच्या हाती दिले आणि त्यानंतर टाळ्या आल्या नाहीत.

त्याची दोन माणसे त्याच वाटेने आत गेली आणि त्याला घेऊन आली. मी रस्त्यावर चढून रेडिओ घेतला.

"चार्ली, चार्ली टू. नाऊ टू कॅज्युअल्टीज. वन सिव्हिलियन, वन इटालियन. ओव्हर."

मग मेजर साहेब हिंदीत म्हणाले, "कौन?"

"मारेशालो, सर."

"वेट. आउट."

हेलिकॉप्टर दोघांना घेऊन गेले. उम्म सलीम वाचली. लूका इस्पितळात पोहोचण्यापूर्वी गेला.

त्या आठवड्यात वादळी पाऊस आला. खोतने कोणाला न विचारता ट्रकची ताडपत्री काढून कुकहाउसमागच्या सिएनावर घातली आणि कडेने दगड ठेवले. आमची मुदत संपून दुसरी बटालियन आली, तेव्हा पोस्टचा चार्ज देताना त्यांच्या सुभेदार साहेबांनी ताडपत्री उचलून विचारले, "हे कुठल्या ऑपरेशनचे मॉडेल?"

"सिएना, साहेब," खोत म्हणाला.

"ते कोणत्या सेक्टरमध्ये येते?"

खोतने माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले. साहेबांनी ताडपत्री स्वतःच्या हातांनी पुन्हा घातली.

सेवेतून निवृत्त झालो आणि हैदराबादला कुकटपल्लीत राहू लागलो. सिएनाला जाण्याचे मी बरीच वर्षे टाळले. शेवटी माझ्या पत्नीनेच, मालतीने, विषय काढला. "तुम्ही झोपेत टाळ्या वाजवता," ती म्हणाली. "एकदा जाऊन या." आम्ही दोघे गेलो.

स्टेशनवर मालतीने नकाशा उघडला. मी तो घेतला नाही. वेशीतून आत आल्यावर माझे पाय आपोआप वळू लागले. उतार, कमान, डावीकडे चढ. एका बोळातून बाहेर पडलो आणि समोर तो शिंपला होता, नऊ पाकळ्यांचा, आणि त्याच्या तळाशी ती तंबूची खुंटी, आता आभाळापर्यंत पोहोचलेली. माणसे विटांच्या उतारावर निवांत बसली होती. मीही त्यांच्यात जाऊन बसलो. ज्याने हे शहर मला हाताने करून दाखवले, त्याच्याबद्दल माझ्या मनात त्या क्षणी दुःख कमी होते. कृतज्ञता होती.

वाड्याच्या एका दालनात सुमारे सातशे वर्षांपूर्वीची भिंतीवरची चित्रे आहेत. एका भिंतीवर चांगल्या राज्यातील शहर: गवंडी मचाणावर, दुकाने उघडी, स्त्रिया फेर धरून नाचताहेत, वेशीचे दार सताड उघडे आणि लोक शेताकडे चालले आहेत. वेशीवर हवेत एक स्त्री आहे, तिचे नाव सुरक्षा. समोर वाईट राज्य. तिथे शेते ओस आणि शिपाई लुटालूट करताहेत. त्या भिंतीचा गिलावा अधिक पडला आहे. लूकाने मला याची फोनवर छायाचित्रे दाखवली होती आणि वेशीवरच्या त्या स्त्रीवर बोट ठेवून म्हणाला होता, "ही आपली ड्यूटी, पातक. लोक शेतात जाऊन परत यावेत. बस." उम्म सलीमच्या शेताकडे जातानाही त्याच्या मनात हेच असेल, असे मी समजतो.

तिथून चढ चढून कासवाच्या पेठेत गेलो. पिवळी-निळी निशाणे, कारंजे, कारंज्यापाशी खुर्ची टाकून बसलेले एक वृद्ध गृहस्थ. मी फक्त "लूका" म्हटले आणि आमच्या लष्करी सेवेची खूण म्हणून सलाम केला. ते उठले, गल्लीच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी मोठ्याने हाक मारली. त्याची बहीण किआरा आली. शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, त्याच्याच भुवया.

मी जे घडले ते क्रमाने सांगितले. काही गाळले नाही. मी मागे फिरलो नाही, हेही सांगितले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ती बाई?" तिने विचारले.

"चालते. कृत्रिम पाय आहे, काठी घेते. आम्ही निघालो तेव्हा तिने पोस्टवर तेल पाठवले होते."

किआराने डोळे पुसले आणि मालतीचा हात धरला. मग आम्हाला पेठेच्या देवळात नेले, जिथे घोड्याला आणतात. तिने मला घोडा उभा राहतो ती जागा दाखवली.

"तुम्ही मागे फिरला असता, तर तो फार चिडला असता," ती म्हणाली. "आमच्याकडे घोडा जिंकतो. ती बाई पोहोचली, म्हणजे आमचा घोडा आला."

हे वाक्य मी तिच्याकडून घेऊन परत आलो. माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. पण त्या प्रश्नासह जगता येते, एवढे त्याने दिले.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी मी गोलकोंड्याला जातो. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली आमच्या सोसायटीतील मराठी कुटुंबे सोबत असतात. शहर दाखवायला कोणी नाही, म्हणून मला धरून नेतात. घुमटाखाली नेमके कुठे उभे राहायचे, आवाज कुठून वळतो, हे मी शिकून घेतले आहे. दारावरचे गाइड रशीदभाई मला ओळखतात.

"आ गए क्या साब? तुमारी दो ताली बाकी है," ते म्हणतात.

मी सोबतच्यांना वर बालाहिसारला पाठवतो. मागच्या खेपेला केतकी नावाची मुलगी जायला निघताना थांबली.

"काका, बाकीचे गाइड कितीही वाजवतात. तुम्ही दोनच का?"

"वर पोहोचलीस की तूही दोन वाजव," मी म्हणालो. "मग सांगतो."

मंडळी वर पोहोचेपर्यंत मी सावलीत उभा राहिलो. मग घुमटाच्या मध्यावर गेलो आणि दोन टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने, किल्ल्याच्या माथ्यावरून, अगदी बारीक पण स्वच्छ, दोन टाळ्या खाली आल्या.

केतकीला सांगायचे पहिले वाक्य मी मनाशी म्हटले: मारेशालो लूका, सिएनाच्या कासवाच्या पेठेचा, लेबनॉनमध्ये कर्तव्यावर असताना धारातीर्थी पडला. मी टोपी काढली, क्षणभर उभा राहिलो आणि पायऱ्या चढू लागलो.